माझ्या नावाचं कुलूप

घराला कुलूप लावलं की मी ते दोनदा ओढून बघते. जिन्याच्या वळणापर्यंत जाते, परत येते आणि आणखी एकदा ओढते. नवरा तोवर खाली स्कूटर चालू करून उभा असतो. आमच्याकडे चोर आला तर त्याला काही करावं लागणार नाही, हिने ओढून ओढून कडी आधीच सैल केलेली असेल, असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. मीही हसते, आणि पाहुणे गेल्यावर कडीचे स्क्रू तपासते.

कामाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागणार. नवरा म्हणेल, आता हे मासिकाच्या अंकात छापूनही आणलंस. म्हणू दे.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स टेक्निशियन आहे. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी 'मी मेंटेनन्समध्ये असते' हे ऐकून महिन्याचा चेक माझ्या हातात ठेवला होता. तो मी खजिनदारांकडे पोचवला आणि मग त्यांना समजावून सांगितलं. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करणं हा आमच्या कामातला लोकांना दिसणारा भाग. न दिसणारा भाग त्याहून मोठा. मशीन बंद पडूच नये म्हणून तेल, ग्रीस, बेल्ट, बेअरिंग, नट-बोल्ट यांच्याकडे ठरल्या दिवशी बघत राहायचं. हे नीट जमलं तर मशीन चालू राहतं आणि लोकांना आम्ही रिकामे बसलेले दिसतो. नाही जमलं तर मशीन बंद पडतं आणि लोक विचारतात, मेंटेनन्सवाले आहेत कुठे?

या कामात मी त्रेचाळिसाव्या वर्षी आले. त्याआधी अकरा वर्षं त्याच कारखान्याच्या तपासणी खोलीत कंत्राटी कामगार होते. तयार झालेले दांडे मोजायचे, मापात असतील तर हिरव्या पेटीत, नसतील तर लाल पेटीत. मोजमाप मायक्रॉनमध्ये. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि आम्ही पाच मायक्रॉनसाठी माल परत पाठवत होतो. मला ते काम आवडायचं. आकडा आला की वाद संपतो.

मग कॅमेऱ्याने मोजणारं यंत्र आलं. ते आमच्यापेक्षा भराभर मोजायचं आणि त्याला मान दुखते म्हणून सुटी लागत नसे. आम्हा बायकांना बोलावून सांगण्यात आलं, की कारखाना मेंटेनन्स टेक्निशियनचं दोन वर्षांचं प्रशिक्षण सुरू करतोय, आतल्या माणसांनाही अर्ज करता येईल, वयाची अट नाही. अर्ज मी एकटीनेच केला. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, मशीनखाली आडवं पडून काम करावं लागतं, जमेल का? मी म्हटलं, घरी सिंकखालचा पाइप बदलताना मी आडवीच पडते. ते काहीतरी लिहून घेऊन पुढच्या प्रश्नाकडे वळले.

तपासणी खोलीची नंतर बैठकीची खोली झाली. तिथे गोल टेबल आणि फिरत्या खुर्च्या आल्या. म्हणजे मला परत जायला जागाच उरली नव्हती.

आमच्या तुकडीत नऊजण होते. बाकीचे अठरा ते एकवीस वर्षांचे, आयटीआय झालेले. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांची काकू झाले. माझ्या शेजारच्या बाकावर काशिनाथ भोये बसायचा. हरसूलकडचा, फिटर ट्रेड केलेला. घरी भात आणि नागली, आणि हंगामात सगळं घर निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला. तोही बारावीपर्यंत दरवर्षी बागेत गेलेला. त्याचे हात कामाला तयार होते, पण दशांश चिन्ह पुढेमागे करायचं म्हटलं की तो घाबरायचा. मी त्याला दशांश शिकवले. त्याने मला पाना धरायला शिकवलं.

"काकू, असा नाय धरायचा. हा काय लाटणं हाय?"

शिकवायला निकम सर होते. सटाण्याकडचे, निवृत्तीला आलेले. वर्गात बोलताना भाषा अगदी पुस्तकातली. पण मशीनजवळ गेले की ते त्याच्यावर तळवा ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि हळूच अहिराणीत विचारायचे, "काय शे? काय शे?" मशीन काय सांगायचं कोण जाणे, पण बऱ्याचदा त्यांना कळायचं. ते मला 'ताई' म्हणायचे आणि माझ्या आकड्यांना वैतागायचे.

बेल्टचं उदाहरण देते. मोटरच्या चाकावरून दुसऱ्या चाकावर बेल्ट जातो. तो फार ताणला तर बेअरिंग जातं आणि सैल ठेवला तर घसरतो. किती ताणायचा? सरांचं उत्तर असं, की मधोमध अंगठ्याने दाबायचं, अंगठ्याच्या जाडीइतका खाली गेला की झालं. मी हात वर केला. किती जोराने दाबायचं? सगळे हसले. सर म्हणाले, अंगठ्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी मी घरचा स्वयंपाकाचा वजनकाटा नॅपकिनात गुंडाळून नेला. आधी स्वतः अंगठा दाबला. एकदा दीड किलो आलं आणि पुढच्या वेळी तीन. पोरांचीही तीच गत. मग सरांना विनंती केली. ते आधी नको म्हणाले, मग खिडकीबाहेर बघत तीन वेळा दाबून मोकळे झाले. तिन्ही आकड्यांत शंभर ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. काशिनाथ म्हणाला, "सरांचा अंगठा लॅबमधून तपासून आलाय." सरांनी दुपारी जेवणाच्या सुटीत मला एकटीला गाठून विचारलं, तो काटा आहे का अजून? त्यांनी दार लोटून पुन्हा दाबून बघितलं. तोच आकडा आला. त्यानंतर तो आठवडाभर त्यांनी माझ्या कुठल्याही प्रश्नाला 'अंगठ्याला विचारा' असं उत्तर दिलं नाही.

घरी मी रोज स्वयंपाकाआधी काट्यावर अंगठा दाबायची. नवऱ्याने विचारलं, "पीठ मोजतेस की त्याला दम देतेस?" पण महिन्याभरात माझाही अंगठा एका आकड्यावर स्थिरावला. आजही बेल्ट ताणताना मला तो काटा दिसतो.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे मशीन चालवणारा ऑपरेटर, आणि गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असतात. पॅकिंगच्या मशीनवर शिरसाठ भाऊ होते. ते रजेवर गेले आणि मशीन दुपारी थांबायला लागलं. त्या मशीनला एक डोळा असतो. समोरून खोका गेला की प्रकाश अडतो आणि मशीनला कळतं. तो डोळा उगाचच चुकत होता. आम्ही डोळा बदलला, त्याची वायर बदलली, तरी तेच. शिरसाठ भाऊ परत आले त्या दिवशी मशीन आपोआप सुरळीत चाललं. ते सगळ्यांना सांगत सुटले, की मशीन माझ्या हाताला सोकावलंय, मला रजा देऊ नका. दोन दिवसांनी सर तिथे उभे राहून नुसते बघत होते. शिरसाठ भाऊंची डब्याची पिशवी मशीनच्या खिळ्याला टांगलेली असायची. छतावरच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारचं ऊन बरोबर त्या डोळ्यावर यायचं आणि पिशवीची सावली ते अडवायची. सरांनी तिथे पत्र्याचा एक तुकडा वाकवून लावला. शिरसाठ भाऊंना मात्र काही सांगायचं नाही, असं आम्हाला बजावलं. ते अजूनही रजा कमीच घेतात.

आता कुलपाची गोष्ट.

मशीनमध्ये हात घालायचा तर आधी त्याची वीज तोडायची. पण स्विच बंद करून आत हात घातला आणि दुसऱ्या कुणी येऊन तो चालू केला, तर? म्हणून स्विच बंद करायचा आणि त्याला कुलूप लावायचं. हे कुलूप ज्याचं त्याचं असतं. लाल रंगाचं, वर नाव, खाली फोटो, आणि किल्ली एकच. ती ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात. तिघं काम करत असतील तर एका स्विचला तीन कुलपं. कितीही मोठा साहेब आला तरी दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. कुलूप लागल्यावर शेवटची पायरी राहते. मशीनजवळ जाऊन चालू करायचं बटण दाबून बघायचं. काही हललं नाही तरच हात घालायचा.

शिकाऊ माणसाला स्वतःचं कुलूप नसतं. तो सरांच्या कुलपावर काम करतो. सरांची खात्री पटली की ते परीक्षा घेतात आणि कुलूप देतात. दोन वर्षं संपताना ज्याच्याकडे स्वतःचं कुलूप असेल त्याला कारखाना ठेवून घेणार, नसेल त्याला प्रमाणपत्र आणि शुभेच्छा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरांना बाहेर दुसरं काही मिळालं असतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या शिकाऊ बाईला शुभेच्छांवर कोण ठेवणार होतं?

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एकेकाला कुलपं मिळायला लागली. काशिनाथला सगळ्यांच्या आधी मिळालं. माझी परीक्षा एका पंपावर झाली. मी स्विचची पाटी वाचली, नंबर जुळवला, स्विच बंद केला, कुलूप लावलं. पंपावरचा हिरवा दिवा विझलेला होता. मी पान्याकडे हात नेला आणि सर म्हणाले, थांबा.

बटण दाबलं नव्हतं. मी म्हटलं, सर, दिवा विझलाय.

"ताई, दिवा विझला म्हणजे घरात कुणी नाही, असं असतं का?"

मला कुलूप मिळालं नाही. सर नंतर चहाच्या वेळी शांतपणे म्हणाले, की तुम्ही पाटी वाचता, मापं वाचता, सगळं बरोबर वाचता, आणि वाचून झालं की तुमचं काम संपतं. मशीनला लिहितावाचता येत नाही, त्याला विचारावं लागतं. मला राग आला. अकरा वर्षं माझ्या मोजमापाच्या साधनांवर तपासणीचे शिक्के असायचे आणि त्या शिक्क्यांवर विश्वास ठेवणं हेच माझं काम होतं. शिक्क्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

संध्याकाळी भाजीला निघताना मी घराचं कुलूप ओढत होते. नवरा म्हणाला, "त्यावर 'लागलेलं आहे' असं लिहून ठेवू का? म्हणजे ओढावं लागणार नाही." मी म्हटलं, तू लिहून ठेवलंस तरी मी ओढीनच. असं म्हणाले आणि जिन्यात थांबले. नवऱ्याला वाटलं, गॅस राहिला चालू. पण बाजार होईपर्यंत माझ्या डोक्यात तो पंपच होता.

पुन्हा परीक्षा दसऱ्यानंतर ठरली. पुढचा जो ब्रेकडाऊन येईल तो तुमचा, असं सर म्हणाले. त्यातही नापास झाले तर तिसरी संधी नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे मशीनची आणि हत्यारांची पूजा असते. मेंटेनन्सची खंडेनवमी सगळ्या कारखान्यात नावाजलेली. दोन दिवस आधीपासून धुणं-पुसणं चालतं. त्या वर्षी सगळ्या पॅनेलना, म्हणजे स्विचच्या पेट्यांना, नवा राखाडी रंग द्यायचं ठरलं. काशिनाथ पुढारी होता. रंग पाट्यांवर उडू नये म्हणून पोरांनी स्विचवरच्या ॲल्युमिनियमच्या नंबरपाट्या स्क्रू काढून उतरवल्या, चिंचेने घासल्या, तेलाचा हात फिरवला. चांदीसारख्या चमकल्या. मग त्या पान्या-पकडींबरोबर परातीत मांडून त्यांचीही पूजा झाली. मी स्वतः त्यांना हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पोरांनी पाट्या परत बसवून वर झेंडूच्या माळा सोडल्या. सर रांगेवरून नजर फिरवून म्हणाले, लग्नघर दिसतंय.

काही दिवसांनी पेंट शॉपमधून निरोप आला, की तीन नंबरचा ब्लोअर थरथरतोय. तिथे रंगवलेला माल सुकवायची मोठी भट्टी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर गरम हवा फिरवणारे पाच ब्लोअर ओळीने बसवलेले. पाचवा राखीव, एरवी बंद. तिथल्या सुपरवायझरने, देवरे साहेबांनी, तिसरा आधीच खालून बंद केला होता.

सरांनी स्वतःचं कुलूप माझ्या हातात दिलं. मदतीला काशिनाथ, त्याच्या कुलपासह. मी तीन नंबरची पाटी वाचली, स्विच बंद केला, कुलूप लावलं. शेजारी काशिनाथने त्याचं लावलं. तेवढ्यात देवरे साहेब जिन्यात येऊन सरांना विचारायला लागले, किती वेळ लागेल, मालाची गाडी थांबलीय, आज शिकवणी नको, तुमचा पक्का माणूस लावा. सर दोन पायऱ्या उतरून त्यांच्याशी बोलत राहिले. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

काशिनाथला ते ऐकू येत होतं. मी चिठ्ठीवर नाव लिहून ती कुलपाला अडकवेपर्यंत त्याने बेल्टवरची जाळी सोडवून बाजूला ठेवली होती. मी वळले तेव्हा त्याची बोटं बेल्टखाली होती.

"काशिनाथ, हात काढ. बटण दाबायचंय."

"काकू, दिवा गेलाय. दोन-दोन कुलपं हायत. गाडी थांबलीय त्यांची."

"आधी हात काढ."

त्याने हात काढला, जरा हसत, आणि मला दाखवायला दोन्ही हात वर धरले. मी बटण दाबलं.

ब्लोअर सुरू झाला.

त्या मोटरचे फेरे मिनिटाला चौदाशे चाळीस. तेवढा आकडा मला पाठ होता. उघडा बेल्ट आमच्या दोघांच्या मधे पळत होता आणि काशिनाथचे हात अजून वरच होते. मी लाल बटण दाबलं. ब्लोअर हळूहळू मंदावत थांबला.

सर धावत वर आले. आधी त्यांनी काशिनाथचे हात बघितले, मग उघडा बेल्ट, मग माझ्याकडे.

"कुलूप कशाला लावलंय?"

"तीन नंबरला, सर."

"आणि फिरला कोण?"

"तीन नंबर."

सर स्विचजवळ गेले. पाटी चकचकीत होती. आकड्याच्या खाचेत वाळलेलं कुंकू होतं. सरांनी ते नखाने खरवडलं आणि पाच नंबरची पाटी असलेल्या स्विचकडे बघितलं. त्या पाटीवरही कुंकू होतं. वायरींचा माग काढल्यावर कळलं, तिसऱ्याची पाटी पाचव्याला आणि पाचव्याची तिसऱ्याला बसली होती; स्विच आकड्यांच्या क्रमाने बसवलेले नाहीत, म्हणून नजरेलाही खटकलं नव्हतं. स्विच कायम चालूच असतात, मशीनं एरवी खालच्या टेबलावरून चालू-बंद होतात, त्यामुळे दसऱ्यापासून कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच पडलं नव्हतं. आणि आम्ही ज्याला कुलूप घातलं तो राखीव ब्लोअर बंदच होता, त्यामुळे स्विच पाडल्यावर कुठे काही थांबलंही नव्हतं.

काशिनाथचा चेहरा मी विसरणार नाही. तो म्हणाला, "पाट्या मीच बसवल्या, सर."

सरांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "जाळी कधी काढली?"

मला ते सांगावं लागलं असतं. मी सांगितलंही असतं, कारण घडलं तसं लिहून देणं हा आमच्याकडचा नियम आहे आणि मी नियम मोडणारी नाही. पण तोंड उघडायच्या आत काशिनाथच बोलला. "मीच. काकूंनी बटण दाबायच्या आधी."

देवरे साहेब अजून जिन्यातच उभे होते. मग सर म्हणाले, काम पूर्ण करा. मी कुलूप बरोबर स्विचला लावलं आणि बटण दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. काशिनाथनेही पुढे येऊन दाबलं. मग आम्ही बेअरिंग बदललं. थरथर मोजायचं यंत्र आधी अकरा दाखवत होतं, नंतर एक पूर्णांक आठ. बेल्ट मी माझ्या अंगठ्याने तपासला. गाडी उशिरा गेली. दुसऱ्या दिवशी पेंट शॉपमधून आमच्याकडे चहाची किटली आली. कुणी पाठवली ते किटली आणणाऱ्याने सांगितलं नाही.

मला एक हिशेब लागत नव्हता. मी सरांना विचारलं, सर, कुलूप मी चुकीच्या स्विचला लावलं होतं. मग मी पास की नापास?

"पाटी खोटं बोलली, ताई. तुम्ही पाटी वाचलीत आणि तरी मशीनला विचारलंत. मला एवढंच बघायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं कुलूप दिलं. लाल, माझ्या नावाचं. फोटो तपासणी खोलीच्या जुन्या ओळखपत्रावरचा होता, त्यात मी फार धास्तावलेली दिसते. पण त्याच सकाळी काशिनाथचं कुलूप काढून घेतलं गेलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, आणि तरीही माझ्या आनंदाला त्या दिवशी चव नव्हती. त्याने पुन्हा सगळी परीक्षा द्यायची होती आणि तोवर तो दुसऱ्याच्या कुलपावर काम करणार होता. सरांनी त्याला माझ्या हाताखाली दिलं.

ते दिवस अवघड होते. तो एरवी बडबड्या, पण आता नुसता पाने पुसत बसायचा. पोरांपैकी कुणीतरी त्याला 'पाटीवाला' म्हणायला लागलं होतं. एकदा डबा खाताना म्हणाला, निफाडला बागांची छाटणी चालू झालीय, लय माणसं लागत्यात, तिकडं कुलूप-बिलूप नसतं. त्याच्या घरचेही तिथेच होते. कुणाची समजूत घालणं मला जमत नाही. मी एवढंच म्हटलं, "जायचं तर जा. पण आधी कुलूप परत मिळव आणि मग ते सरांच्या हातात देऊन जा. काढून घेतलेलं आणि आपण परत केलेलं, यात फरक असतो."

दुसऱ्या दिवसापासून मी कुठेही कुलूप लावलं की मागून आवाज यायचा, "काकू, दाबलं का?" मी दाबलेलं असलं तरी तो पुढे येऊन स्वतः दाबायचा. एकदा मी चिडून म्हटलं, अरे, माझ्यावर तरी विश्वास ठेव. तो म्हणाला, "तुमच्यावर हाय. बटणावर नाय." निकम सर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

प्रशिक्षण संपायच्या आत त्याला कुलूप परत मिळालं. ते त्याने कुणाला दिलं नाही आणि तो कुठे गेलाही नाही. आम्ही दोघंही राहिलो. सर त्या वर्षाअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना तसाच एक वजनकाटा घेऊन दिला.

कारखान्यात आता नियम आहे, की खंडेनवमीला पाट्या उतरवायच्या नाहीत, पूजा जागेवरच करायची. रंग द्यायचा असेल तर पाटीवर कागद चिकटवायचा, आणि रंग झाल्यावर एकेक स्विच बंद करून त्याचंच मशीन थांबतं ना हे बघायचं. नियमाच्या कागदावर कुणाचं नाव नाही. नवीन शिकणाऱ्या मुलांना हे असं का, ते आम्ही सांगतो. बरेचदा काशिनाथच सांगतो, स्वतःचं नाव घेऊन. आता त्याला कुणी पाटीवाला म्हणत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला कुलपंही पूजेत मांडली होती. माझं काशिनाथच्या कुलपाशेजारी होतं. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन भट्टीच्या वरच्या मजल्यावर गेले. काशिनाथ खांद्यावर झेंडूच्या माळा टाकून पुढे होता. मी पाटीला बोट लावायचं आणि त्याने माळ सोडायची, अशी आमची रांग चालली होती. तीन नंबरपाशी तो थांबला. कुंकू ओलं होतं म्हणून पाटीच्या कडा दोन बोटांत धरून त्याने ती ओढून बघितली. हलली नाही. त्याने माळ घातली आणि पुढे गेला.

चार नंबरला माळ घालून झाल्यावर तो परत आला, आणि तिसऱ्याची पाटी आणखी एकदा ओढून गेला.